चुकीच्या लेबलाची फाईल

"अजून किती राहिल्यात?" डॉक्टरांनी घड्याळाकडे बघत विचारलं.

"एकच," आत्या म्हणाली.

तिच्या सात वर्षांच्या भाचीला रक्ताचा आजार होता. आठवड्याभरात अस्थिमज्जा देणारा दाता मिळाला नाही, तर सगळंच संपणार होतं. घरातलं कुणी जुळलं नव्हतं. दात्यांच्या याद्या शेकडो दवाखान्यांत विखुरलेल्या आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. कुणी माहिती महिरपी कंसांत कोंबलेली, कुणी टोकदार कंसांत, कुणी आधी लघुरूपांची यादी देऊन मग प्रत्येक ओळ पूर्णविरामाने बंद केलेली. एकाचं दुसऱ्याला कळेल तर शपथ!

आत्या प्रोग्रामर. रजा टाकून तिने एक प्रोग्राम लिहिला होता. फाईलच्या पहिल्या काही ओळी बघून तो मांडणी ओळखायचा. शितावरून भाताची परीक्षा. मग क्रमांकाच्या धाग्याने एक यादी दुसरीला जोडायचा. सकाळपासून त्याने दोनशे बारा याद्या वाचल्या होत्या. स्वतःच लिहिलेला असूनही ती त्याच्याकडे तोंडात बोट घालून बघत होती. दाता मात्र मिळाला नव्हता.

"ही शेवटची कुठली?"

"एका बंद पडलेल्या मेडिकल कॉलेजची. वीस वर्षं जुनी. लेबल एका मांडणीचं, आत भलतंच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आजवर सगळ्यांनी लेबल बघूनच बाजूला टाकली."

"सोडा ती. पोरांनी सरांच्या धाकाने स्वतःचंच रक्त तपासून उरकलेलं प्रात्यक्षिक ते." डॉक्टर उठले. "मी बाहेर जाऊन तुमच्या भावाला सांगतो."

"दोन मिनिटं, डॉक्टर. पाया पडते."

प्रोग्राम अडला होता. फाईलच्या वरच्या चाळीस ओळी म्हणजे नुसते शेरे. आत्याने त्याला ते ओलांडून खाली बघायला लावलं. त्याने एक मांडणी लावून पाहिली. जमेना. दुसरी लावली. तीही जमेना. तिसरी लावली आणि ओळींमागून ओळी उलगडत गेल्या. आत्याच्या अंगावर काटा आला. वीस वर्षं मुकी पडलेली फाईल बोलायला लागली होती!

एका ओळीवर प्रोग्राम थांबला. पेशींच्या दहापैकी दहा खुणा जुळत होत्या.

डॉक्टर दारातून परत आले आणि पडद्यावर वाकले. दात्याचं नाव नव्हतं. नुसतंच 'विद्यार्थी क्रमांक सेहेचाळीस'.

"नावं दुसऱ्या फाईलमध्ये असतील," आत्या डोळे पुसत म्हणाली. "धागा आहे, तो धरून शोधते. माणूस हयात असू दे आणि हो म्हणू दे, एवढंच मागणं आहे."

डॉक्टरांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग शर्टाची बाही वर सरकवू लागले.

"शोधू नका," ते म्हणाले. "तो नंबर माझा होता."