एका काडीची चाल

तेजरामनं मधल्या ढिगावर आगपेटीची आणखी एक काडी टाकली. हातात सत्ती, पंजी आणि दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. म्हणजे काहीच नाही. पण अंग इतकं आंबून गेलं होतं की भ्यायचंही त्राण उरलं नव्हतं.

पोळ्याला गँगमधल्या एकालाच गावी सोडीन, असं मुकादमानं सांगितलं होतं. म्हणून भट्टीच्या पायाभरणीत काँक्रीट ओतून आलेले तिघं जण भरदुपारी कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत तीन पत्ती खेळत होते. जिंकेल त्याची सुट्टी. चाल एकाच काडीची, वाढवायची नाही. डाव भाऊरावांनीच मांडला होता. ते वयानं मोठे, आणि खोलीत वाचता येणारे तेवढेच. सगळ्यांची पत्रं तेच वाचून दाखवत. आज पत्र आलं का, असं तेजरामनं आल्या आल्या विचारलं, तेव्हा ते नाही म्हणाले होते.

"एका काडीले कोनी भेत नाही, तेजा," ते नेहमी सांगत. "पत्ता असला तरच रेटाचं."

तेजरामला ते पटायचं आणि दर डावाला तो उलटंच करायचा. घरी माय एकटी. दोन वर्षांत तिचं तोंड पाहिलं नव्हतं. तिच्यासाठी घेतलेलं लुगडं ट्रंकेत पडून होतं. त्यानं पुन्हा काडी टाकली.

नत्थूनं पानं पालथी टाकली. भाऊराव बराच वेळ आपल्या पानांकडे बघत राहिले. मग त्यांनीही टाकली.

"पॅक. तूच जाय बाप्पा. सांजच्याच गाडीनं निंघ."

तेजरामला दोन वर्षांचा शीण उतरल्यासारखं झालं. म्हातारा सांगतो एक, आणि भितो एका काडीला! गंमत म्हणून त्यानं भाऊरावांची पानं उलटली. तीन राण्या.

"ह्या घेऊन पॅक झाले? कावून, भाऊराव?"

नत्थू दाराबाहेर बघू लागला. तेजरामनं रोजच्यासारखा खुंटीवरच्या भाऊरावांच्या सदऱ्यात बिडीसाठी हात घातला. ते थांब म्हणाले, पण उशीर झाला होता.

बिडीच्या कट्ट्याबरोबर पोस्टकार्ड बाहेर आलं. त्यावरचं एक अक्षरही तेजरामला वाचता येत नव्हतं. पण कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. गावाकडून असं पत्र कोणी वारल्याचंच येतं, आणि घरी माय एकटीच होती.