जसेच्या तसे

"ते काय म्हणाले, ते सांगा," सरकारी वकील म्हणाले.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या कचरू साळव्यांनी मान खाली घातली. साठी ओलांडलेला माणूस. इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. गावात टँकर आला, पाईप आधी त्यांच्या पिंपात गेला, म्हणून आरोपी भगवानरावांनी अख्ख्या गावासमोर ते पिंप लाथेनं लवंडून दिलं, इथवर त्यांनी नीट सांगितलं होतं. पुढं मात्र जीभ वळेना.

"जातीवरून शिव्या देल्या."

"कोणत्या शब्दांत?" न्यायाधीशांनी विचारलं. "शब्द जसेच्या तसे लागतात, काका. नुसतं शिव्या दिल्या म्हटल्यानं केस उभी राहत नाही."

कचरूंनी समोर पाहिलं. साहेबांच्या खालच्या बाजूला, संगणकापाशी अंजली बसली होती. कोर्टाची लघुलेखक. त्यांच्या नातीच्या वयाची.

"पोरीबाळीसमोर कसं बोलू, साहेब?"

"त्या त्यांचं काम करतायत. बोला."

अंजलीनं नजर पडद्यावरून हलवली नाही. लघुलेखनाच्या क्लासमधल्या बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, बोटं कानाच्या मागं धावू देत, मन मध्ये आलं की बोट चुकतं. ती ते शिकली होती. खुनाच्या, बलात्काराच्या साक्षी तिनं न अडखळता उतरवल्या होत्या. रडणाऱ्याच्या रडण्यातून शब्द तेवढे उचलायचे, तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्याचे ओठ बघायचे. आष्टीचा माणूस असो की तेलगावचा, कुणाची बोली तिला अडत नव्हती.

कचरू पुटपुटले. साहेबांपर्यंत ते पोचलं नाही. सरकारी वकिलांनी कानामागं हात नेला. अंजलीला मात्र चारही शब्द कळले.

"मॅडम, तुम्हाला ऐकू आलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

एरवी ती म्हणाली असती, साक्षीदाराला मोठ्यानं बोलायला सांगा. पण म्हातारा पिंजऱ्याची कड धरून, तिच्याकडून तोंड फिरवून उभा होता. पुन्हा कशाला वदवून घ्यायचं, असं तिला वाटलं.

"आलं, साहेब," ती म्हणाली आणि तिनं ते टाइप केलं.

बचावाचे वकील ताडकन उठले. "हरकत आहे. कोर्टाला ऐकू आलं नाही, मला आलं नाही, मग मॅडमना कसं आलं?" मग हसून म्हणाले, "अर्थात, काही जणांना असले शब्द आधीपासून पाठ असतात. मॅडमचं आडनाव मला ठाऊक आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. अंजलीचे कान तापले. ती बौद्ध घरातली आहे हे कोर्टात सगळ्यांनाच माहीत होतं. चारचौघांत ते असं कुणी काढलं नव्हतं.

"वकीलसाहेब, शब्द मागे घ्या," न्यायाधीश कडक आवाजात म्हणाले. वकिलांनी घेतले. मग साहेब अंजलीकडे न बघता बोलले, "मॅडम, ती ओळ काढा. काका, तुम्ही मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

अंजलीनं ओळ पुसली.

"माफ कर, बाई," कचरू तिला म्हणाले आणि ओरडून बोलले. आवाज मध्येच फाटला. दाराबाहेरचा शिपाई आत डोकावला.

अंजलीनं ते शब्द दुसऱ्यांदा उतरवले. एकही काना-मात्रा चुकली नाही.

उलटतपास संपला तेव्हा साहेबांनी जबाब वाचून दाखवायला सांगितलं. तेही तिचंच काम. ती उभी राहिली. नाव, वय, गाव, टँकर, पिंप. मग ती ओळ आली. आवाज खाली आला असता तर वकील पुन्हा हरकत घ्यायला टपलेच होते, आणि म्हाताऱ्याला तिसऱ्यांदा बोलावं लागलं असतं. तिनं मोठ्यानं, स्पष्ट वाचलं. आरोपीच्या जागी बसलेल्या भगवानरावांनी तेवढ्यापुरती मान वर केली, तिच्याकडं पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

ती पुढं वाचत राहिली.

"बरोबर आहे का, काका?"

"बरोबर हाय," कचरू म्हणाले. "पर लेकीच्या तोंडून काहून वदवलं, साहेब?"

साहेबांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग अंजलीला म्हणाले, "लिहा. वाचून दाखवले. बरोबर आहे."

तिनं तेवढंच लिहिलं.

कागद छापून आले. पेन घेऊन ती पिंजऱ्यापाशी गेली. कचरूंना सही येत होती. पानामागून पानावर त्यांनी सावकाश सही केली. ती ओळ असलेलं पान आलं, तेव्हा त्यांनी डावा पंजा त्या ओळीवर पसरला आणि मग खाली एकेक अक्षर काढत नाव लिहिलं. सही झाली तरी पंजा उचलला नाही. अंजली कागदाची कड धरून तशीच उभी राहिली. दाराशी शिपाई पुढच्या केसचा पुकारा करत होता.