माईचं पान

त्या रविवारीही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर माई बसली आणि तिने कालचं बांगड्याचं कालवण पुढ्यात ओढलं. तिच्या मनगटावरची तब्येत तपासणारी पट्टी लाल होऊन बोलू लागली, "शिळ्या माशात ॲलर्जी उठवणारं, श्वास कोंडवणारं हिस्टामिन फार आहे. पाळी थांबल्यापासून तुमच्या आतड्यांना ते झेपत नाही."

"आता पट्टीचेही नखरे," बाबा हसले. "टाकून द्यायचं का मग?"

माई जेवू लागली. पट्टी थांबेना, म्हणून इरावतीने आईचा हात धरून ती बंद केली. संध्याकाळी माईचा श्वास कोंडला, तो सुटलाच नाही.

तेराव्याला बाबांनी माईच्या नावाचं पान वाढलं. भाताला वाफ येत होती.

"पट्टी मी बंद केली, बाबा," इरावती म्हणाली. "आणि तिला ताजं वाढायला आपण ती मरेपर्यंत थांबलो."