फीबी कुठं राहिली

"किती वेळा सांगू? तुमच्या माणसांचं इथं काही नाही," जाळीच्या दाराआडून मिस विनिफ्रेड एलर्बी म्हणाल्या. "माझी आजी लग्न होऊन आली, तेव्हा इथं लढाईत जळलेल्या नुसत्या भिंती होत्या. बिचारीला माहेरचं म्हणून कुणी नव्हतं, तरी हे घर तिनं उभं केलं. जुनं काही उरलेलं नाही."

"आडनाव उरलंय की," व्हर्डेल एलर्बी पायरीवरूनच म्हणाली.

"ते तुम्ही घेतलंत."

"घेतलं कुठलं, बाई? डागलंत तुम्ही."

दार लागलं.

ओकच्या सावलीतून गाडीकडे जाताना व्हर्डेलला रडू येत नव्हतं, नुसती चीड येत होती. याच घराण्याच्या भातशेतात तिची पणजी हॅगर आणि हॅगरची धाकटी बहीण फीबी गुलाम म्हणून जन्मल्या. फीबी रंगानं उजळ, धन्याच्याच वळणाची. गुलामी सुटली त्या धामधुमीत सात वर्षांच्या फीबीला कुणी बोटीत घातलं, कुठं नेलं, कळलंच नाही. सुटलेल्या बाकीच्यांनी नवी आडनावं निवडली. हॅगरनं मात्र धन्याचंच ठेवलं. बहीण शोधत आली, तर दुसऱ्या कुठल्या नावानं शोधणार?

व्हर्डेलनं सवानापासून डेट्रॉइटपर्यंत एकेका काळ्या एलर्बीचं दार ठोठावलं होतं. चर्चं पालथी घातली, न्हाव्यांच्या दुकानांत चौकशा केल्या. हाती काही लागलं नव्हतं.

घरी लुएला आत्या ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. नव्वदी गाठलेली, पण जीभ तरणी.

"काय म्हणाली म्हातारी?"

"ती कसली बोलते! दारच बोललं."

"तूही कमी नाहीस. हॅगरआजीच्या शवपेटीवरून तुला पलीकडे दिलं, तेव्हा काय भोकाड पसरलं होतंस! गेलेल्याचा जीव तान्ह्यात गुंतू नये म्हणून आपल्यात देतात. तुझ्यात मात्र तिचा हट्ट तेवढा गुंतून राहिला."

"आत्या, पुरे."

"बरं बाई. पण गोऱ्यांच्या पेट्या बघून मला वाईट वाटतं हो. वरून लेकरू जात नाही, काही नाही. फर्निचर हलवावं तशी पेटी हलवतात."

"आत्या, मी आता शोधणं सोडणार आहे."

शेंगा सोलणारे हात थांबले. "हॅगरआजीच्या थडग्याच्या दगडावर फीबीच्या नावाची जागा कोरी ठेवलीय. ती तशीच ठेवून मरू होय मी?" मग ती स्वतःशीच गुणगुणू लागली:

*भरती आली गं, ओहोटी गेली,*
*बोट फिरली गं, फीबी कुठं राहिली?*

महिन्याभरानं मिस विनिफ्रेड वारल्या. त्यांचा भाचा प्रेस्टन बरा निघाला. फोनवर म्हणाला, "दफनाला या. नंतर घराचा माळा उघडून देतो, जुने कागद हवे ते बघा."

"मीही येते," आत्या म्हणाली. "या खेपेला दाराशी मी बोलते."

एलर्बींच्या दफनभूमीत दोघी कुंपणालगत उभ्या राहिल्या. गोऱ्या माना वळल्या, पुन्हा सरळ झाल्या. पाद्रीबोवांचं आटोपलं. आता पेटी खाली सोडतील, मग माळ्यावरची शोधाशोध, मग पुन्हा धूळ आणि रिकामे हात, असं व्हर्डेलच्या मनात आलं.

पण पेटी सोडली नाही. प्रेस्टनच्या लेकीनं कडेवरचं तान्हं बाळ पुढं केलं. पेटीच्या अलीकडून पलीकडे, या हातांतून त्या हातांत, सगळे अगदी सवयीनं ते बाळ देऊ लागले.

प्रेस्टन ओशाळून त्यांच्याजवळ आला. "तुम्हाला विचित्र वाटेल. घर उभं करणारी आमची पणजी हे करायला लावायची. का, ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही."

लुएला आत्यानं काठी टाकली आणि बाळासाठी दोन्ही हात पुढं केले.