विहिरींची फाइल

"फाइल सापडत नाही," असं कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत पुन्हा उमटलं आणि नाना, माझे सासरे, हिरमुसले. "इथेच ठेवली होती गं. का नव्हतीच ठेवली?"

जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेला माणूस. पण हल्ली चष्मा विसरला तरी माझा नवरा स्मृतिभ्रंशाच्या डॉक्टरचं नाव काढतो. आताही दारातून म्हणाला, "नाना, बास करा ते विहिरींचं संशोधन. झेपत नाही तुम्हाला."

"तू तोंड बंद ठेव," मी म्हटलं आणि नानांच्या खुर्चीत बसले.

नाना एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या ॲपमध्ये, प्रोग्रॅम लिहून तिथूनच आकडेमोडीचं सॉफ्टवेअर चालवतात. मी त्याला कमांड देऊन विचारलं, कुठल्या फोल्डरमध्ये शोधतंयस? ते एडिटरच्याच फोल्डरमध्ये शोधत होतं. फाइल मात्र नानांनी सांगितलेल्या जागीच होती.

"नाना, तुम्ही काही विसरला नाहीत. नव्या एडिटरचं सेटिंग चुकलंय." तो एडिटर कॉम्प्युटरवर टाकून दिला होता माझ्याच नवऱ्याने.

सेटिंग बदलल्यावर विहिरींच्या पाण्याचा आलेख उमटला. नानांनी ओल्या डोळ्यांनी तो पाहिला, पुन्हा पाहिला. मग माझ्या खांद्यावर टिचकी मारली.

"ऊठ. कामाला बसू दे मला."