पहिल्या पायरीची गोळी

"डेटाबेस शिकायची पाचव्या पायरीची गोळी आहे, सातवीची आहे. पहिलीची कंपनीनं बंदच केली, ताई," औषधवाले हिंगमिरेकाका म्हणाले.

यामिनी ढोबळेनं पुन्हा घड्याळ पाहिलं. वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत चारला तिची मुलाखत होती आणि तीन तर वाजून गेले होते. पहिली न घेता पाचवी घेतली की सगळं येतं, फक्त सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही, हे सगळ्या कऱ्हाडाला ठाऊक होतं.

"बघा ना काका, एखादी सुटी तरी असेल."

काकांनी खण उपसले. तळाशी कात्रीनं कापलेल्या पट्टीचा तुकडा निघाला. नाव दुसऱ्या तुकड्यावर गेलेलं. "हीच असावी."

तिनं तिथंच गिळली. "चढेपर्यंत सांगा तरी, डेटाबेस म्हणजे काय?"

स्वतः थेट सातवी गोळी घेतलेल्या काकांना सोपा शब्द सापडेना.

"या खणांसारखं का? प्रत्येक औषधाचं नाव, कंपनी, मुदत?"

"तसंच की."

"दोन औषधांचं नाव एकच निघालं तर?"

"म्हणून तर प्रत्येकाला वेगळा नंबर."

अर्ध्या तासात तिनं विचारून विचारून काकांना घाम फोडला. "चढली हो," म्हणत ती पळाली.

संध्याकाळी ती नोकरीचे पेढे देऊन गेली, आणि मग काकांना पट्टीचा दुसरा तुकडा सापडला. गोळी ॲसिडिटीची होती.

सकाळी दुकानापुढे सतरा माणसं. "यामिनीताईंना दिली ती द्या."

काकांनी ॲसिडिटीची पट्टी घेतली, नाव कापून टाकलं आणि काउंटरपुढे स्टूल ठेवलं. "चढायला अर्धा तास लागतो. बसा, तोवर काहीतरी विचारा."