कोपऱ्यावरची खोली

"बाळ होईपर्यंत तरी थांबा ना, आई. मला माझी आई नाही."

"पाय दुखतात माझे इथं," सासूबाई म्हणाल्या. सोळाव्या मजल्यावर पहिल्याच रात्री वारा घोंघावला होता आणि त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण घाबरले म्हणतील तर त्या सासूबाई कसल्या!

सुनेनं पोट सांभाळत कॉम्प्युटर त्यांच्याकडे फिरवला. "इमारतीवर वारा किती जोर लावतो ते मोजायचं, हेच माझं काम. ही आपली इमारत. आता वारा सोडते, बघा."

पडद्यावरच्या उंच खोक्यावर रंग सरकू लागले.

"वारा सोडलास म्हणतेस, आणि माझा केससुद्धा हलला नाही!"

सून हसली. "लाल आहे तिथं वारा काचेला आत ढकलतो. निळं आहे तिथं बाहेर ओढतो. कोपऱ्याला वळताना सगळ्यात जास्त."

"ओढतो? मेल्याचं सगळंच उलटं!" सासूबाईंनी चष्मा चढवला. "माझी खोली कुठली यात?"

"ही, मधली. किती फिकट आहे बघा. तुम्हाला मुद्दाम तीच दिली."

"आणि हा काळानिळा कोपरा?"

सुनेनं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आमचा. पण याच्या दुप्पट ओढ लागली तरी काच फुटायची नाही. हिशोब मीच केलाय."

"पाळणा कुठं ठेवणार?"

"आमच्याच खोलीत."

सासूबाई उठल्या, तडक त्या खोलीत गेल्या आणि खिडकीच्या काचेवर हात टेकवला. बाहेर वारा वळसा घेत होता. काच तळव्याखाली बारीक थरथरली. तरी हात काही त्यांनी काढला नाही.

"नवरा आला की तुमची गादी मधल्या खोलीत न्यायला सांग त्याला. तू वाकू नकोस, सांगून ठेवते."

"अहो आई, पण काच खरंच फुटणार नाही. माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुझा हिशोब मला कळला गं," सासूबाई खिडकीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "बाळाला कळायला वेळ लागेल. तोवर इथं मी झोपते."